रानाची प्रतबंदी

शास्त्रांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा सिद्धांतांचा इतिहास लिहितात. अमक्या सालीं अमक्या पंडितानें अमुक नियम शोधून काढला, पुढें दुसऱ्यानें त्यांत दुरुस्ती केली, अशी ती मालिका असते. परंतु कांहीं शास्त्रें अशीं आहेत, कीं त्यांचा प्राण ग्रंथांपेक्षां तीं शिकविण्याच्या परंपरेंत अधिक असतो. वैद्यकांतील नाडीपरीक्षा किंवा गायनांतील स्वरज्ञान यांच्याविषयीं ही गोष्ट आपणांस सहज पटते. रानांचें वर्गीकरण करण्याचें शास्त्रही याच जातीचें आहे, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जमीन खणून, माती हातांत घेऊन आणि पायाखालच्या वनस्पति ओळखून एखाद्या भूभागाची जात ठरवावयाची, व त्यावरून तेथें कोणता वृक्ष वाढेल आणि कोणता मरेल हें सांगावयाचें, ही विद्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत गेल्या सुमारें पाऊणशें वर्षांत चांगली रुजली आहे. ती तेथें कशी गेली, कोणीं नेली, आणि तरुणांच्या हातांत ती कशी उतरविली जाते, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

जमिनीची प्रत ठरविणें ही कल्पना महाराष्ट्रीय वाचकांस नवी नाहीं. इ. स. १८३५ त गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यांत जी पाहणी आरंभिली, तिच्यांत मातीचा रंग, पोत व खोली पाहून, आणि चुनखडी, वाळू, उतार यांसारखे दोष वजा करून शेताची प्रत आण्यांत ठरवीत असत. या कामास प्रतबंदी म्हणत. तिचा हेतु सारा ठरविण्याचा होता. म्हणून शेतानें किती द्यावें एवढाच प्रश्न तेथें विचारला जाई. आपण ज्या प्रतबंदीविषयीं बोलत आहों तिच्यांत प्रश्न निराळा आहे. या भूमीला काय सोसेल, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं मातीबरोबर तेथें आपण होऊन उगवलेल्या वनस्पतींचीही साक्ष घेतली जाते.

या दोन साक्षीदारांना एकत्र आणण्याचें श्रेय कोणा एका देशाचें नाहीं. रशियांत वासिली डोकुचायेव यांनीं काळ्या मातीच्या विस्तीर्ण मैदानांत हिंडून १८८३ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि माती म्हणजे केवळ खडकाचा चुरा ही समजूत मागें पाडली. हवामान, मूळचा खडक, सजीव सृष्टि, भूमीचा चढउतार व काल यांच्या संयोगानें माती घडते, आणि ती स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. त्याच सुमारास डेन्मार्कमध्यें पी. ई. म्यूलर हे जंगलांतील पानें कुजून होणारा थर तपासून पाहत होते. गांडुळांनीं मातींत कालविलेला भुसभुशीत थर आणि मातीवर वेगळाच राहणारा, आंबट, चटईसारखा थर, असे दोन मुख्य प्रकार त्यांनीं दाखविले; ‘मल’ व ‘मॉर’ हीं त्यांचीं डेन्मार्ककडील नांवें पुढें जगभर चालूं लागलीं. फिनलंडमध्यें ए. के. कायान्डर यांनीं १९०९ सालीं आणखी एक पाऊल टाकलें. झाडें तोडलीं जातात, जळतात, माणूस तीं बदलतो; परंतु त्यांच्या पायथ्याशीं वाढणारीं झुडपें, नेचे व शेवाळ भूमीचा स्वभाव अधिक खरेपणानें सांगतात, असें म्हणून त्यांनीं जंगलांचे प्रकार तळच्या वनस्पतींवरून ठरविले. हेच कायान्डर पुढें तीन वेळां फिनलंडचे पंतप्रधान झाले. स्वित्झर्लंड व फ्रान्स या देशांत ब्राऊन-ब्लांके यांनीं वनस्पतींच्या समूहांची मोजदाद करण्याची शिस्तबद्ध रीत घालून दिली. युक्रेनमध्यें पोग्रेब्न्याक यांनीं जमिनीचा ओलावा व सुपीकपणा या दोन बाजूंचें कोष्टक मांडलें. आणि रशियांत सुकाचेव यांनीं जीव, भूमि व हवा यांचा एका ठिकाणचा संसार हें एकच घटक मानावें असा आग्रह धरला. हे सर्व ओहोळ एका प्रवाहांत आणणारा मनुष्य मात्र यांपैकीं कोणत्याच देशांतला नव्हता.

व्लादिमीर क्रायिना यांचा जन्म १९०५ सालीं मोराव्हियांत झाला. चेक भाषेंत ‘क्रायिना’ या शब्दाचा अर्थच भूप्रदेश असा आहे, हा एक मौजेचा योगायोग होय. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें, आणि तात्रा पर्वतांतील एका खोऱ्याच्या वनस्पतिसमूहांवर त्यांनीं लिहिलेला प्रबंध १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें जर्मनांनीं देश व्यापला व १९३९ च्या नोव्हेंबरांत चेक विद्यापीठें बंद केलीं. शेवाळाच्या जाती ओळखणारा हा अध्यापक त्यानंतर गुप्त प्रतिकार-चळवळींतील एक प्रमुख झाला आणि बिनतारी यंत्रावरून लंडनला बातम्या धाडूं लागला. १९४३ च्या आरंभीं तो पकडला गेला. त्याच्या पत्नीसही बंदिवास घडला. महायुद्ध संपल्यावर मुक्तता झाली, राजकारणांत मोठें पदही मिळालें. परंतु १९४८ च्या फेब्रुवारींत कम्युनिस्टांनीं सत्ता हातीं घेतली, आणि क्रायिना यांना मायभूमि कायमची सोडावी लागली. १९४९ सालीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, ते व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले.

ज्या प्रांतांत ते आले, तो अशा माणसाची वाटच पाहत होता असें म्हणावयास हरकत नाहीं. ब्रिटिश कोलंबियाचें क्षेत्रफळ सुमारें साडेनऊ लक्ष चौरस किलोमीटर असून बहुतेक भाग डोंगराळ आहे. समुद्रावरून येणारे ढग किनाऱ्याच्या पर्वतांवर रिते होतात. व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेस तोफिनो येथें वर्षाकाठीं सुमारें सव्वाशें इंच पाऊस पडतो, तर पर्वतांपलीकडे कामलूप्सच्या खोऱ्यांत तो दहा-बारा इंचांवर जात नाहीं. एकीकडे रेड सीडर व हेमलॉक यांचीं ओलसर, काळोखीं अरण्यें, दुसरीकडे विरळ पाइन व गवताळ माळ, आणि दोहोंच्या वर बर्फाच्छादित शिखरें, असा हा प्रदेश आहे. (या हेमलॉक वृक्षाचा सॉक्रेटिसाच्या पेल्यांतील विषाशीं नांवापलीकडे कांहीं संबंध नाहीं.) महायुद्धानंतर लांकडाची मागणी वाढली व मोठमोठे डोंगरउतार एकदम उघडे होऊं लागले. तोड झालेल्या जागीं पुन्हां काय लावावें, या प्रश्नाचें सोपें उत्तर बाजारानें आधींच देऊन ठेवलें होतें. डग्लस फर या वृक्षाचें लांकूड मजबूत व किंमतवान. तेव्हां तोच लावावा, अशी प्रवृत्ति होती.

या सोप्या उत्तरांत केवढा धोका आहे, हें समजण्यासाठीं झाडाचें आयुष्य ध्यानांत घेतलें पाहिजे. शेतकऱ्यानें चुकीच्या जमिनींत चुकीचें बीं पेरलें, तर पुढच्याच हंगामांत त्याला तें कळतें. वनाधिकाऱ्यानें चुकीचें रोप लावलें, तर पहिलीं पांच-दहा वर्षें तें हिरवेंगार दिसूं शकतें. मग वाढ खुंटते, पाण्यानें मुळें कुजतात, ओल्या बर्फानें शेंडे मोडतात. पीक हातीं यावयास साठ-ऐशीं वर्षें लागत असल्यामुळें, लावणाऱ्याला आपली चूक पाहावयास मिळतेच असें नाहीं. तिचें फळ नातवंडांच्या पदरीं पडतें. म्हणून लावण्यापूर्वींच भूमि ओळखणें हा येथें हौसेचा विषय राहत नाहीं. क्रायिना यांनीं ही गोष्ट मोठ्या आग्रहानें मांडली. डग्लस फरला मानवणाऱ्या व न मानवणाऱ्या जागा निराळ्या आहेत, आणि तोडीनंतर उरलेला कचरा सरसकट जाळल्यानें खडकावरचा पातळ, सेंद्रिय थरच नष्ट होतो, असें ते सांगत. अर्थात् लांकडाच्या धंद्यांतील लोकांना आणि कांहीं वनशास्त्रज्ञांनाही हें बोलणें रुचलें नाहीं.

परंतु नुसता वाद घालून ते थांबले नाहींत. आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन त्यांनीं प्रांताच्या निरनिराळ्या भागांत पाहणी चालविली, आणि १९५९ व १९६५ या सालीं प्रांताच्या विभागणीची रूपरेषा प्रसिद्ध केली. जीव, भूमि आणि हवामान या तिन्हींचा एकत्र विचार करणाऱ्या या पद्धतीस बायोजिओक्लायमॅटिक असें लांबलचक नांव आहे. आपण तिला त्रिविध वर्गीकरण म्हणूं. तिची मूळ कल्पना समजण्यास अवघड नाहीं. हवामानावरून प्रांताचे मोठे पट्टे पडतात. आज असे सोळा पट्टे मानले जातात. पण पट्ट्याचें हवामान ओळखावयाचें कशावरून? डोंगरांत पर्जन्यमापक यंत्रें थोडींच. त्यासाठीं अशी जागा शोधावयाची, कीं जी फार उंचवट्यावर नाहीं, खोलगट नाहीं, जिची माती मध्यम खोल व मध्यम पोताची आहे, आणि जिला वरच्या उतारावरून फुकटचें पाणीही मिळत नाहीं. अशा मध्यस्थ जागेवरील जुनें अरण्य त्या हवामानाची खरी साक्ष देतें. मग त्याच पट्ट्यांतील इतर जागा या मध्यस्थाशीं ताडून पाहावयाच्या. ओलाव्याच्या नऊ पायऱ्या, अगदीं कोरड्यापासून पाणथळापर्यंत. आणि पोषणाच्या पांच पायऱ्या, अगदीं निकसापासून अतिसुपीकापर्यंत. या दोहोंच्या कोष्टकांत जागेचें घर सांपडलें, कीं तेथें कोणते वृक्ष लावावे याचा निर्णय करतां येतो.

कागदावर हें इतकें सुटसुटीत दिसतें, कीं कोणीही दोन तासांत शिकेल. अडचण येते ती रानांत गेल्यावर.

शिकाऊ मंडळी रानांत पोंचली म्हणजे पहिली परीक्षा जागा निवडण्याची असते. वीस मीटर लांब व वीस मीटर रुंद असा, साधारण चारशें चौरस मीटरांचा तुकडा आंखावयाचा. परंतु तो सर्वत्र एकजिनसी असला पाहिजे. त्यांत अर्धा उंचवटा व अर्धा ओढ्याचा कांठ आला, तर दोन जागांची सरासरी निघते आणि ती कोणत्याच जागेला लागू पडत नाहीं. जागा ठरल्यावर वनस्पतींची नोंद होते. उंच वृक्ष, झुडपें, लहान रोपें व गवतें, आणि शेवाळ व दगडफुलाच्या जाती, असे थर वेगळे धरून प्रत्येक जातीनें जमिनीचा शेंकडा किती भाग झांकला आहे, हें नजरेनें अजमावयाचें. शेंकडा एक म्हणजे चारशें चौरस मीटरांत चार चौरस मीटर, अर्थात् दोन मीटर लांबीरुंदीचा चौकोन. हें माप डोळ्यांत बसेपर्यंत एकाच तुकड्यावर चौघांचे चार आंकडे येतात. ते शेजारीं मांडून, भांडून, पुन्हां पाहून डोळे एका सुरांत आणावे लागतात.

मग वनस्पति काय बोलतात तें ऐकावयाचें. किनाऱ्याच्या प्रदेशांत सलाल नांवाचें चिवट पानांचें झुडूप दाट माजलें असेल व जोडीला दगडफुलाच्या जाती असतील, तर जागा कोरडी व निकस समजावी. तरवारीच्या पात्यासारखीं पानें असलेला मोठा नेचा भरघोस वाढला असेल, तर माती सकस. डेव्हिल्स क्लब नांवाचें कांटेरी, रुंद पानांचें झुडूप दिसलें, तर उतारावरून झिरपणारें, अन्नद्रव्यांनीं भरलेलें पाणी खालून वाहत असावें. आणि आपल्या अळवाच्याच कुळांतील, मोठ्या पानांची व उग्र वासाची स्कंक कॅबेज ही वनस्पति उभी असेल, तर दलदल आली. तेथें रेड सीडर तग धरील, पण डग्लस फर लावणें म्हणजे पैसे पाण्यांत घालणें होय. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. या किनाऱ्यावरील मूळच्या रहिवाशांस या वनस्पतींच्या जागा कोणाही प्राध्यापकाच्या आधीं पुष्कळ काळ ठाऊक होत्या. सलालचीं फळें त्यांच्या अन्नांत होतीं, डेव्हिल्स क्लब औषधांत होता, आणि रेड सीडरच्या सालीचीं वस्त्रें व खोडाच्या होड्या ते करीत. शास्त्रानें या ज्ञानाला कोष्टक दिलें. पहिली ओळख मात्र त्यांची होती.

वनस्पतींची नोंद झाली, कीं कुदळ-फावडें हातीं घ्यावयाचें. वरचा कुजका थर प्रथम जपून सोडवितात व तो मल आहे कीं मॉर आहे तें पाहतात. मग खड्डा खणून त्याची एक बाजू उभी तासतात, म्हणजे थर स्पष्ट दिसतात. किनाऱ्यावरील भरपूर पावसानें व सूचिपर्णी पाल्याच्या आम्लानें वरच्या मातींतील लोह खालीं वाहून गेलेलें असतें; म्हणून कुजक्या थराखालीं राखेच्या रंगाचा एक पट्टा व त्याखालीं तांबूस-तपकिरी माती आढळते. अशा मातीला रशियन शेतकऱ्यांच्या बोलींतून आलेलें ‘पॉडझॉल’ हें नांव आहे, आणि त्यांत राखेचाच उल्लेख आहे. खोलवर माती निळसर-करडी असून तिच्यांत गंजासारखे ठिपके असतील, तर तेथें वर्षांतून बराच काळ पाणी साचतें, मग त्या दिवशीं खड्डा कोरडा कां असेना. शेवटीं माती ओली करून बोटांत मळतात. वाळू खरखर लागते. गाळाची माती पिठासारखी मऊ लागते. चिकण मातीची लांब वळी निघते व ती तुटत नाहीं. शंका उरल्यास चिमूटभर माती दातांखालीं घालून पाहण्याचीही चाल आहे. पदवीधर तरुण-तरुणी खड्ड्याच्या कांठावर बसून मातीची चव पाहत आहेत, हा देखावा शहरी मनुष्यास चमत्कारिक वाटेल. परंतु कुंभार किंवा जुना शेतकरी त्याला हंसणार नाहीं.

या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग यापुढें येतो. दोन्ही साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. त्या जुळल्या तर ठीक, न जुळल्या तर काय करावें? वनस्पति सकस जागा सांगतात आणि खड्डा निकस माती दाखवितो, असें पुष्कळदां होतें. नवशिका अशा वेळीं सोयीचा साक्षीदार निवडतो. शिकविणारे त्याला पुन्हां खणावयास लावतात. कदाचित् खड्डा पडलेल्या झाडानें उलथून टाकलेल्या मातींत पडला असेल. कदाचित् थोडें खालीं झिरपणारें पाणी असेल. कदाचित् आग किंवा तोड होऊन गेल्यामुळें आजच्या वनस्पति केवळ पाहुण्या असतील. मोठमोठे वृक्ष पाहून जमीन सुपीकच असली पाहिजे, असाही भ्रम होतो. पण वृक्षाचा थोरपणा कधीं कधीं केवळ वयाचा असतो. वनस्पति वर्तमानाविषयीं बोलते आणि माती शेंकडों वर्षांविषयीं. दोघींच्या बोलण्यांत विरोध दिसला, तर मधल्या काळांत कांहीं तरी घडलें आहे असें समजून तें शोधून काढावयाचें, ही संवय लागली म्हणजे शिष्य तयार झाला.

क्रायिना यांच्या हाताखालीं असे शिष्य पुष्कळ तयार झाले, आणि ग्रंथांपेक्षांही त्यांचा विजय या शिष्यांनीं घडविला. १९७५ च्या सुमारास प्रांताच्या वनखात्यानें हें वर्गीकरण आपल्या कामासाठीं स्वीकारलें. कारेल क्लिंका यांच्यासारख्या, विद्यापीठांत पुढें अध्यापन करणाऱ्या शिष्यांनीं, आणि जिम पोजार व डेल माइडिंगर यांच्यासारख्या वनखात्यांतील शास्त्रज्ञांनीं त्याला व्यवहाराचें रूप दिलें. हजारों तुकड्यांच्या नोंदी जमल्या. निरनिराळ्या भागांसाठीं रानांत नेण्याच्या मार्गदर्शिका निघाल्या. आणि एकेकाळीं ज्यांच्याशीं वाद झडले, त्यांच्याच खात्यांत रोप लावण्यापूर्वीं जागेचें घर ठरविण्याचा प्रघात पडला. जुन्या अरण्यांचे नमुने अबाधित राहिले नाहींत, तर पुढच्या पिढ्यांस तुलना करावयास मध्यस्थच उरणार नाहीं, हें ओळखून क्रायिना यांनीं राखीव क्षेत्रांची चळवळ केली, आणि १९७१ सालीं प्रांतांत तसा कायदा झाला. अशा क्षेत्रांची संख्या आज शंभराहून अधिक आहे. १९९० सालीं, स्वतंत्र झालेल्या मायदेशानेंही त्यांचा उच्च पदवी देऊन गौरव केला. १९९३ सालीं व्हँकूव्हर येथें त्यांचें निधन झालें.

या शास्त्रावर आक्षेप नाहींत असें नाहीं. निसर्गांत सरळ रेषा नसतात. एका पट्ट्याचें रान दुसऱ्यांत हळूहळू मिसळतें. प्रत्येक जात आपापल्या गरजेप्रमाणें वाढते, समूह वगैरे पाहणाऱ्याच्या मनाचे खेळ आहेत, असें अमेरिकेंतील ग्लीसन यांनीं १९२६ सालींच सांगून ठेवलें होतें. त्यांत तथ्य आहे. तथापि रोप हातांत घेऊन उभ्या असलेल्या मनुष्यास कोठें तरी रेघ मारावीच लागते, आणि तपासून मारलेली रेघ बाजारभावानें मारलेल्या रेघेपेक्षां बरी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हवामान स्थिर आहे असें धरून पट्टे आंखले होते. आतां हवामानच बदलत आहे. उष्णतेबरोबर पट्टे उत्तरेकडे व डोंगरावर सरकतील, असा अंदाज आहे. त्यामुळें कोठलें बीं कोठें न्यावें याचे नियम त्या प्रांतानें २०१८ पासून बदलत्या हवामानाच्या हिशेबानें नव्यानें घालण्यास प्रारंभ केला. पण या नव्या हिशेबालाही आधार जुन्याच वर्गीकरणाचा घ्यावा लागला. हवामान सरकलें तरी उतार, खडक व माती त्याच्याबरोबर चालत जात नाहींत. उद्यांच्या उष्ण हवेंतही खोलगट जागीं पाणी साचेल आणि कड्यावरची पातळ माती लवकर सुकेल. किंबहुना दुष्काळांत कोणतें झाड प्रथम मरेल, हें ओलाव्याच्या पायरीवरूनच सांगावें लागेल.

आज विमानांतून व उपग्रहांवरून रानांचे नकाशे निघतात, आणि गणकयंत्रें क्षणांत त्यांना रंग भरून देतात. त्या नकाशांची योग्यता कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु आकाशांतून वृक्षांचे शेंडे दिसतात. त्यांच्या सांवलींतलें शेवाळ आणि त्याच्या खालची करडी माती दिसत नाहीं. नकाशा खरा कीं खोटा हें ठरविण्यासाठीं कोणाला तरी तेथवर चालत जाऊन, गुडघे टेकून खणावें लागतें. असे खणणारे प्रत्येक पिढींत पुन्हां तयार करावे लागतात, कारण बोटांचें ज्ञान वारशानें मिळत नाहीं. परक्या देशांत आश्रय घेतलेल्या एका अध्यापकानें त्या देशाला जी देणगी दिली, तिच्यांत पट्ट्यांचा नकाशा होताच. पण तो पडताळून पाहणारीं माणसें घडविण्याची रीत ही त्याहून मोठी देणगी होय. जोंपर्यंत त्या प्रांतांत दर उन्हाळ्यांत कांहीं तरुण हातांत फावडें घेऊन रानांत शिरत आहेत, तोंपर्यंत लावलेल्या रोपांना योग्य भूमि मिळण्याची आशा आहे.